गुलालाबद्दल सभेत सांगितलं ते

सभेत मी तीनदा उठून खिडकीशी गेलो आणि तीनदा परत येऊन बसलो. यात्रेतल्या मोटारसायकल शर्यतीला यंदा राष्ट्रीय संघटनेची मान्यता घ्यावी, असा प्रस्ताव मीच मांडला होता आणि तो पडत चालला होता.

"रान आपलं, गाड्या आपल्या. त्यात दिल्लीचं काय काम?" यात्रा समितीचे अध्यक्ष म्हणाले.

मी सांगत राहिलो. मान्यता असली की स्वारांचा विमा होतो. डॉक्टर आणि रुग्णवाहिका आल्याशिवाय शर्यत सुटत नाही. इथले गुण बाहेरच्या शर्यतींतही धरतात. हेल्मेट, गॉगल तपासतात. शेवटची गाडी थांबेपर्यंत शर्यतीच्या वाटेवर कुणाला पाऊल टाकता येत नाही.

"म्हंजे गुलाल बी न्हाई?" मागून एकजण ओरडला. "शर्यत हाय का शोकसभा रं?"

सगळे हसले. माझा मित्र तेवढा हसला नाही. तो दाराशी उजवा पाय सरळ पसरून बसला होता. त्याचा गुडघा वाकत नाही. सहा वर्षांपूर्वी याच शर्यतीत, दुसरा येत असताना, तो शेवटच्या रेषेपाशी पडला. मिरजेत दोन ऑपरेशनं झाली. ब्रेक चुकीचा दाबला असं गाव म्हणालं, आणि त्यानंही तेच मानलं.

"गुलाल मी उधळला हुता," मी म्हणालो. "पहिला आलेला आमच्या भावकीतला. मी रेषेवर जाऊन परात रिकामी केली. वाऱ्यानं सगळा गुलाल ह्याच्या डोळ्यांत गेला. मी बघितलं, आन् गप बसलो."

मित्रानं विचारलं, "म्हंजे माझा ब्रेक चुकला न्हवता?"

"न्हाई."

"पोरं म्हणायची, आमाला शिकवा. मी न्हाई म्हणायचो. वाटायचं, आपल्याला काय कळतंय गाडीतलं. सा वर्सं, गड्या."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "अर्ज करा," एवढंच म्हणाले.

मी दाराशी जाऊन मित्राला हात दिला. हात न धरता, चौकटीला रेलून, तो आपला आपण उठला.

"अर्जात त्ये बी लिव्ह," म्हणाला.

अर्जाच्या नमुन्यात मागच्या अपघाताचा रकानाच नाही. मी वेगळा कागद जोडला आणि कुणामुळे झाला तिथं माझं नाव लिहिलं.