शिरोळकरांचं साल एक हजार चोपन्न

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळींत सत्यजित शिरोळकरांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे पूल. जन्मभर न्यू जर्सीतले पूल तपासण्याचंच काम त्यांनी केलं होतं. दुसरी म्हणजे साल एक हजार चोपन्न.

हे दुसरं वेड त्यांना न्यू मेक्सिकोत लागलं. पत्नी नीनाताईंबरोबर सहलीला गेले असताना चाको कॅन्यनमधल्या एका कड्याखाली त्यांनी जुनं चित्र पाहिलं. दगडाच्या छतावर उमटवलेला हाताचा पंजा, शेजारी चंद्रकोर आणि एक भलामोठा तारा. गाइड म्हणाली, "काही अभ्यासकांना वाटतं, १०५४ साली आकाशात जो तारा फुटला त्याचंच हे चित्र. काहींना ते पटत नाही." शिरोळकर तिथेच उभे राहिले. ते मूळचे कुरुंदवाडचे. जवळच्या खिद्रापुरात कृष्णेकाठी चालुक्य आणि चोळांची लढाई झाली, चोळ राजा हत्तीवरच मारला गेला, असं शाळेत गुरुजी सांगायचे. ती लढाईही त्याच सुमाराची!

झालं. त्या दिवसापासून हा माणूस त्या एका सालात राहायला गेला. चीनच्या दरबारातल्या ज्योतिषांनी तो तारा भरदिवसा दिसल्याची नोंद केली. त्याच महिन्यात रोमच्या पोपचे दूत कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चमध्ये शिरले आणि तिथल्या मुख्य धर्मगुरूवरच्या बहिष्काराचा कागद वेदीवर ठेवून चालते झाले. पोप स्वतः तोवर वारलेला होता! कुणाच्या घरी जेवायला गेलं की शिरोळकर आमटी संपेपर्यंत दम धरत आणि मग सुरू होत. नीनाताई म्हणायच्या, "अहो, आता त्या साली दुधाचा भाव काय होता तेही सांगून टाका, म्हणजे घरी जाऊ."

मग एका एप्रिलमधल्या सकाळी, चहात साखर घालता घालता, त्यांच्या हातून चमचा गळून पडला. नीनाताईंनी विचारलं, "काय झालं?" त्यांना सांगायचं होतं, हात जड झालाय. तोंडातून आलं, "चंद्र... चंद्र पूल." स्वतःचेच शब्द ऐकून ते घाबरले. नीनाताईंनी क्षण वाया न घालवता अँब्युलन्स बोलावली.

पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, हातही हळूहळू वळू लागला. भाषा मात्र गेली. इंग्रजी तर कुणी पुसून काढावी तशी गेली आणि मराठीचे तुकडे उरले. सगळं कळायचं, पण शब्द ओठांवर येईपर्यंत दुसराच होऊन जायचा. बायकोला हाक मारायला गेले तर "नदी" म्हणाले. नीनाताईंनी हसून "ओ" दिली, आणि न्हाणीघरात जाऊन रडल्या. नळ सोडला होता तरी शिरोळकरांना ऐकू आलं. काय झालं म्हणून विचारायलाही त्यांच्याकडे शब्द नव्हता.

स्पीच थेरपीला डेनीस नावाची बाई होती. पन्नाशीची, सावळी, मोठ्या हसण्याची. ती कंगवा, किल्ली, कप अशी चित्रं दाखवायची. उभी हयात लोखंडाच्या तुळया पारखलेल्या माणसाला कंगवा म्हणता येईना. एका मंगळवारी त्यांनी ती सगळी कार्डं टेबलावरून खाली लोटली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

नीनाताई ओशाळल्या. डेनीसनं शांतपणे कार्डं उचलली आणि विचारलं, "यांना बोलायला काय आवडायचं?"

"ते नका विचारू," नीनाताई म्हणाल्या. "एकच साल. दुसरं काही नाही."

"मग ते साल घेऊन या."

पुढच्या खेपेला नीनाताईंनी चाकोचा फोटो नेला. पंजा, कोर, तारा. शिरोळकरांनी ताऱ्यावर बोट ठेवलं. आणि मग कुठलीही ठेच न लागता त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "एक हजार चोपन्न."

नीनाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. डेनीसला अर्थ कळला नव्हता, तरी तिनं टाळी वाजवली.

त्यानंतर कंगवा-किल्ली बंद झालं. डेनीस नीनाताईंकडून मराठी शब्द शिकून यायची. "टारा" म्हणायची ती. शिरोळकर मान हलवायचे, "ता... तारा." तिला सुधारताना त्यांचा स्वतःचा शब्द पक्का व्हायचा. ताऱ्यामागून नदी आली, नदीमागून राजा, युद्ध, कागद. इंग्रजी शब्द सर्वांत शेवटी आले, तेही पाय ओढत. एक नियम डेनीसनं नीनाताईंना घालून दिला होता: "शब्द अडला तर पुरवायचा नाही. थांबायचं." बोलक्या नीनाताईंना ही मोठीच शिक्षा होती, पण त्यांनी ती निभावली.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर शिरोळकरांचं छोटं भाषण ठेवलं. ज्यांनी पूर्वी हा विषय टाळण्यासाठी बशी घेऊन स्वयंपाकघर गाठलं होतं, तीच मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. डेनीसही आली होती. लढाईपर्यंत सगळं बरं चाललं. मग राजा कशावर बसला होता ते काही केल्या आठवेना. नीनाताईंनी ओठ दाबून धरले. शिरोळकरांनी शेवटी हात नाकाशी नेऊन सोंड हलवली. सगळे हसले, तेही हसले, आणि त्या हसण्यातच शब्द सुटला, "हत्ती!"

शेवटी ते म्हणाले, "त्या साली... तिकडचं इकडे... कुणाला माहीत नव्हतं. मला सगळं माहीत. मी नशीबवान." मग डेनीसकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "यू... वेटेड. थँक यू." नीनाताईंसाठीही काही बोलायचं होतं, पण शब्द सापडेना. त्या म्हणाल्या, "घरी सांगा. मी थांबेन."

चहाच्या वेळी इला परांजपे नावाची बाई त्यांच्यापाशी आली. तिच्या नवऱ्याची, सुमंतची, वाचा उन्हाळ्यात अशीच गेली होती. तो आता कुणासमोर येतच नव्हता. "काका, एकदा याल का?" तिनं विचारलं.

शिरोळकर त्याच आठवड्यात गेले. सुमंत खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसला होता. शिरोळकरांनी खुर्ची ओढली आणि अडखळत विचारलं, "तुम्हाला... काय... आवडतं?"

इला काही बोलायला गेली, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"सु..." सुमंतचे ओठ हलले. "सुर... मई."

"तळलेली?"

सुमंतनं मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "रवा," तो म्हणाला. "रवा लावून."

इला डोळे पुसत फोनकडे धावली. आयसेलिनच्या भारतीय बाजारात आज ताजी सुरमई मिळते का, ते तिला विचारायचं होतं.