निळ्या मगातले व्रत

श्रीगजाननाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून, तसेच ज्या कुलस्वामिनीने या थंड देशातही मला उबदार छप्पर दिले तिचे स्मरण करून हा लेख आरंभतो. लंडनच्या एजवेअर भागातल्या आमच्या मराठी मंडळींनी यंदाच्या दीपावली अंकासाठी माझ्याकडे एक आठवण मागितली. संपादनाचे काम पाहणाऱ्या तरुणीने फोनवर बजावले, “काका, सुभाषितं नकोत हं. इकडच्या आयुष्यातलं काहीतरी लिहा.” इकडच्या आयुष्यातले सांगण्याजोगे माझ्यापाशी एकच आहे, आणि ते दिव्यांच्या सणाला शोभणारे नाही. वाचकांनी क्षमा करावी.

मी उभा जन्म संस्कृत शिकवले. मद्याच्या दुकानासमोरून जावे लागले तर आमच्या घरातली माणसे रस्ता ओलांडून पलीकडून जात. तोच मी जवळजवळ चार वर्षे दर रविवारी दुपारी एका पबमध्ये बसत असे.

पत्नी गेल्यावर मुलाने मला इथे आणले. त्याच वर्षी जानेवारीत बर्फावरून पाय घसरून मी कोपऱ्यावरच्या पबच्या दारातच पडलो. मालकीणबाईंनी मला हाताला धरून आत नेले, शेकोटीजवळ बसवले आणि चहा पुढे केला. मी संकोचाने सांगितले की इथल्या भांड्यातले मला चालत नाही. त्या सत्तरीच्या, रुंद खांद्यांच्या, पतीमागे एकट्याने पब चालवणाऱ्या आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मग रविवारी तुमचं भांडं घेऊन या. मॅच असते. गरम पाणी तर चालेल ना?”

मी का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. घरी मुलगा आणि सून आपापल्या लॅपटॉपपुढे असत, हे एक कारण असावे. मी तांब्याचे फुलपात्र नेले. बाईंनी ते स्वतःच्या हाताने धुतले, मला दाखवले आणि काठाखाली दोरी बांधून काउंटरवरच्या तुळईच्या एका आकड्याला अडकवले. तिथे नेहमीच्या मंडळींचे मग रांगेने टांगलेले असत. माणूस आत येऊन कोट काढेपर्यंत त्याचा मग भरून त्याच्यापुढे येई. ‘काय घेणार?’ असे त्या फक्त परक्याला विचारत. प्रश्न न विचारला जाणे हाच तिथला मान होता.

त्या सर्वांना लाडाने ‘लव्ह’ म्हणत, मला मात्र ‘प्रोफेसर’. मंडळींचा संघ उत्तर लंडनचा, जिंकण्याची सवय मोडलेला. सामना सुरू झाला की एक प्लंबर माझ्याकडे वळून म्हणे, “प्रोफेसर, तुमच्या देवाला सांगा, आमच्या गोलकीपरला दोन हात दिलेत, आता ते वापरायलाही शिकव.”

त्याच्या शेजारचा निवृत्त पोस्टमन म्हणे, “देवाला कशाला त्रास? त्यालाही रविवारची सुट्टी असते.”

या पोस्टमनविषयी आधी सांगितले पाहिजे. त्याचा मग निळ्या पट्ट्याचा, चिनी मातीचा होता आणि त्यात फक्त लेमोनेड भरले जाई. पूर्वी मद्याने त्याचे घर मोडले होते, यकृतही खिळखिळे केले होते. डॉक्टरांनी शेवटचे बजावले, तेव्हा बाईंनीच त्याला सांगितले, “घरी एकटा मॅच बघशील तर पिशील. इथे माझ्या डोळ्यांपुढे बैस. या मगात मी कधी थेंब पडू देणार नाही.” त्याला नऊ वर्षे झाली होती. दारूच्या गुत्त्यात बसून दारू सोडलेला मनुष्य मी प्रथमच पाहत होतो. आमच्याकडे व्रताला साक्षी म्हणून अग्नी असतो, देव असतो. त्याच्या व्रताला त्या बाई होत्या.

एका रविवारी बाईंनी माझे फुलपात्र गरम पाण्याने भरले आणि प्लंबरपुढे ठेवले.

“बाई, मी काय दाढी करायला आलोय?” तो ओरडला. सगळे हसले, बाईही हसल्या. परंतु हसून झाल्यावर त्या वळून त्या रांगेकडे पाहत राहिल्या. हात वर गेलेला, आणि बोटे एका मगावरून दुसऱ्यावर जात होती. एकसारख्या घरांच्या रांगेत आपले घर कोणते, हे विसरलेल्या माणसासारखी.

पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. त्या तळघरात पिंप बदलायला गेल्या असता पोस्टमन दबक्या आवाजात म्हणाला, “हे बघा, ती जे देईल ते मुकाट घ्यायचं. तोंड वाकडं करायचं नाही. तिच्या मुलीला कळलं तर ती तिला उत्तरेला घेऊन जाईल आणि इथे कुलूप लागेल. या घराबाहेर ती एक वर्षसुद्धा काढायची नाही.”

“आणि गरम पाणी दिलं तर?” प्लंबरने विचारले.

“तर दाढी कर.”

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझे फुलपात्र नंतर कितीदा तरी दुसऱ्याच्या ओठी लागले. मी ते घरी नेऊन चिंचेने घासून परत आणी, आणि कोणाला काही बोलत नसे. आपण सगळे मिळून एका वृद्ध स्त्रीची लाज राखत आहोत, असे मला वाटे, आणि त्याचे थोडे पुण्यही मी मनोमन स्वतःच्या पदरी घातले होते.

मार्चमध्ये एक मोठा सामना होता. पब गच्च भरला होता. बाईंनी निळा मग पोस्टमनपुढे ठेवला, आणि त्यावर बोटभर जाड फेस होता. लेमोनेडला असा फेस येत नाही, इतके मलाही कळत होते. पोस्टमनने मगाकडे पाहिले. नंतर बाईंकडे पाहिले. त्या त्याच्याकडे पाहून प्रेमाने हसत होत्या. “घे, लव्ह. आज जिंकणार बघ आपण.”

मौनाचा नेम त्याचाच होता. नकार दिला असता तर आपण काय केले हे बाईंना तिथल्या तिथे, भरल्या पबमध्ये कळले असते. प्लंबरने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले. पोस्टमनने मग उचलला आणि प्यायला. अर्धा ठेवून देता आला असता, पण त्याने तो रिकामा केला. तो आमच्याकडे पाहत नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाले. त्यानंतर सकाळी फिरायला निघालो की तो पबच्या बाहेरच्या बाकावर दिसू लागला, दार उघडण्याची वाट पाहत.

प्लंबरने मला बसथांब्यावर गाठले. एरवी चेष्टा करणारा तो माणूस त्या दिवशी जमिनीकडे पाहून बोलत होता. “तुम्ही सांगा तिला, प्रोफेसर. आम्ही पिणारी माणसं, आमचं ती हसण्यावारी नेईल. तुमचं ऐकेल.”

“सांगितले तर त्यांचे घर जाईल,” मी म्हणालो.

“नाही सांगितलं तर हा जाईल.”

हे इतके सरळ होते. तरीही मी तीन आठवडे घालवले. सत्य कोणते आणि प्रिय कोणते यावर मी वर्षानुवर्षे वर्गात बोललो होतो, आणि आता तेच पांडित्य मला पुढे ढकलायला उपयोगी पडत होते. जपाला बसलो की मणी पुढे सरत आणि मन त्या बाकावर जाऊन बसे.

शेवटी एका मंगळवारी सकाळी मी गेलो. बाई एकट्याच पेले पुसत होत्या. मी म्हणालो, “निळ्या मगात बिअर जाते आहे.”

“काहीतरीच! नऊ वर्षं मी...” त्या हसल्या. मग हात पुसून त्यांनी तो मग खाली काढला आणि हुंगला.

“कधीपासून?”

“मोठ्या सामन्यापासून.”

“आणि तो प्यायला?”

“तुम्ही दिलीत म्हणून.”

“तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?”

“होय.”

“तुम्हालाही?”

“होय.”

त्यांनी मग काउंटरवर ठेवला. “माझी इतकी दया कोणी करायला सांगितली होती तुम्हाला?” असे म्हणून त्या फोनकडे गेल्या आणि माझ्यासमोरच मुलीला म्हणाल्या, “ये आणि मला घेऊन जा.”

शेवटच्या रविवारी सामना लावलाच नाही. बाईंनी प्रत्येकाला आपापला मग स्वतःच काढून घ्यायला सांगितले, कारण कोणाचा कोणता हे त्यांना आता खात्रीने सांगता येत नव्हते, आणि ते त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. पोस्टमनची त्यांनी क्षमा मागितली. तो म्हणाला, “नाही नाही, बाई, मॅच चांगली होती ना.”

माझे सांगणे उशिरा झाले. सुटलेले व्रत त्याला पुन्हा बांधता आले नाही. बांधून घेणारे ते घरच उरले नव्हते. दुसऱ्या पबची दारे त्याला सकाळपासून उघडी होती. प्लंबर काही दिवस त्याला रुग्णालयात नेत-आणत असे. पुढच्या वर्षीची थंडी सरण्यापूर्वी तो गेला.

क्रिमेटोरियममध्ये आम्ही सहाजण होतो. बाईंची मुलगी त्यांना उत्तरेहून गाडीने घेऊन आली होती. बाई वाळल्या होत्या. मला पाहून नम्रपणे हसल्या, अनोळखी माणसाला पाहून हसतात तशा. शेजारी बसल्या आणि शवपेटीकडे बोट करून हळूच विचारले, “कोण हो हे?”

मी पोस्टमनचे नाव सांगितले. त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, तो! फार चांगला माणूस. पीत नाही हं तो. नऊ वर्षं झाली. माझ्याकडेच बसतो.”

प्लंबरने मान खाली घातली. एकदा सत्य सांगायला मी उशीर केला होता. या वेळी सांगण्याची वेळ अचूक होती, आणि सत्य मला ठाऊक होते.

“होय बाई,” मी म्हणालो. “मला माहीत आहे.”

त्या समाधानाने मागे टेकल्या. हे असत्य माझ्या नावावर आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त मी केलेले नाही.

वाचकहो, तुमच्या घरात जो कोणी विसरू लागला असेल आणि जो कोणी एखादा नेम कष्टाने सांभाळत असेल, त्या दोघांवर जगदंबेची छाया राहो. वेळेवर बोलण्याचे बळ ती तुम्हाला देवो, आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत कोणालाही कोणाच्या मौनाचे मोल प्राणांनी द्यावे न लागो. शुभं भवतु.