खाऱ्या पाण्याचं रीळ

त्या दुकानदाराशी माझं पहिल्या वाक्यापासून बिनसलं. नारायण पेठेत त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. पुढे बॅडमिंटनच्या रॅकेटा, मागच्या भिंतीला मासेमारीच्या काठ्या. मी वारज्यात राहायचे आणि हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करायचे. कंपनीतल्या काही जणांनी मिळून दोन प्लॅस्टिकच्या कयाक, म्हणजे एकेकट्यानं वल्हवायच्या अरुंद होड्या, घेतल्या होत्या. त्या कोकणात एका खाडीच्या तोंडाशी ठेवलेल्या असत, आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही तिकडे जायचो. बाकीचे वल्ही मारून फोटो काढायचे. गळ टाकता येणारी मी एकटीच. वडिलांच्या शेजारी बसून वैनगंगेवर बांबूच्या काठीनं शिकले होते.

माझ्यासोबत ऑफिसातला मित्र आला होता. त्याच्याच गाडीनं आम्ही कोकणात जायचो. दुकानदारानं त्याच्याकडे बघून विचारलं, "काय हवंय?"

"मला हवंय," मी म्हणाले. "समुद्रासाठी काठी आणि रीळ. कयाकमध्ये बसून वापरायचंय."

"अहो, यांना समुद्रात कशाला नेताय?" हेही मित्रालाच. मित्र हसला.

दुकानदारानं दहा फुटी काठी काढली. मी म्हणाले, ही किनाऱ्यावर उभं राहून फेकायची. मला सात फुटी हवी, आणि मूठ आखूड हवी.

"तुम्ही मला शिकवणार?"

उत्तर देण्याऐवजी मी फरशीवर बसले. कयाकमध्ये बसतात तसे पाय लांब केले आणि ती काठी हातात धरली. लांब मूठ सरळ पोटात रुतली. लाइफ जॅकेट घातल्यावर तर हात हलवायलाही जागा उरली नसती.

"उठा," तो म्हणाला, "गिऱ्हाइकांची वेळ आहे."

शेवटी सात फुटी, दोन तुकड्यांची काठी निघाली. मग रीळ. बेअरिंगला गंज चढेल का, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "खाऱ्या पाण्याचंच आहे. तीस वर्षं हा धंदा करतोय मी." ते मी मानलं. चूक माझी.

बिल करताना त्यानं नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं.

"आडनाव?"

"बिलाला आडनाव लागत नाही."

"सगळे सांगतात."

माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हा प्रश्न कुठून येतो आणि कुठे जातो हे लहान मुलांनाही कळतं. मी सांगितलं नाही. त्यानं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं पहिलं नाव लिहून कागद काउंटरवरून ढकलला. मित्र रॅकेटा बघत होता.

तिसऱ्या फेरीत खाडीच्या तोंडाशी मासा लागला. ओढ एवढी, की कयाकचं नाक गर्रकन वळलं. अशा वेळी रिळानं आपणहून दोरा सोडायला हवा, म्हणजे मासा पळून पळून दमतो. माझं रीळ कर्रकर्र वाजलं आणि जागीच अडकलं. दांडा फिरेना, दोरा सुटेना. मासा मला कयाकसकट ओहोटीबरोबर बाहेर नेऊ लागला. कयाक एका बाजूला कलली आणि मांडीवर पाणी आलं. मी चाकू काढून दोरा कापला. मग वल्हं उचललं आणि ओहोटीच्या उलट मारत किनारा गाठला.

पुढच्या सोमवारी सुट्टी टाकून मी एकटीच दुकानात गेले. एक म्हातारे गृहस्थ कॅरमची पावडर घेत उभे होते. मी अडकलेलं रीळ काउंटरवर ठेवलं.

"धुतलं नसेल," दुकानदार म्हणाला.

"दर वेळी गोड्या पाण्यानं धुतलंय."

"तुमच्याकडची धुण्याची रीत वेगळी असेल."

पण मी भांडले नाही. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि रीळ त्याच्या काउंटरवर उघडलं. काचेवर तांबडा गंज सांडला. मग खोका काढला. त्यावर त्याच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी होती. ती मी नखानं सोलली. खाली छापलेलं होतं, फक्त गोड्या पाण्यासाठी. मी ते मोठ्यानं वाचलं. गृहस्थांनी पावडर परत ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले.

दुकानदारानं बदल्यात द्यायला वरच्या फळीवरचं दुसरं रीळ काढलं. त्या दिवशी हे त्यानं दाखवलंसुद्धा नव्हतं. झाकणाला रबराची कडी, आत पाणी न शिरणारं. मी दांडा फिरवला, दोरा ओढून पाहिला, रीळ काठीवर चढवून पाहिलं. चांगली पंधरा मिनिटं घेतली.

"झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "पण हे रीळ नेते."

माफी त्यानं मागितली नाही, आणि मागितली असती तरी मी ती घेतली नसती.

मंगळवारी जेवताना मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? पुण्यात बोलतातच असं."

"आडनाव विचारलं तेव्हा तू कुठे होतास?"

"अगं, तिथंच तर होतो."

"तेच म्हणतेय मी."

तो डब्यातली पोळी मोडत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. त्याच्या गाडीनं जाणं मात्र मी त्या दिवशी बंद केलं. वारज्यात तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. एका बांधकामावरच्या प्लंबरकडून मी चार फूट पाइप कापून घेतला, काठीचे दोन तुकडे त्यात घातले आणि स्वारगेटहून एसटी धरली.

त्या फेरीत मला तांबोशी लागली, दोन किलोच्या वरची. रीळ एकसारखं दोरा सोडत आणि घेत राहिलं. मासा कयाकमध्ये ओढला तेव्हा जवळपास कुणी नव्हतं. मी मोठ्यानं एक शिवी दिली. कुणाला, ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं. मग भूक लागली म्हणून किनाऱ्याकडे वळले.