खाली अक्षरं नसलेला सिनेमा

पनवेलच्या आमच्या कॉलेजात दर शुक्रवारी दुपारी सेमिनार हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा, असा फिल्म क्लब आम्ही तिघांनी काढला होता. लॅपटॉप सांभाळणारी कामोठ्याची मैत्रीण, पडदे ओढून अंधार करणारा जासईचा मित्र आणि कशालाही हात न लावता दोघांना हुकूम सोडणारी मी. सिनेमे मी निवडायचे. ज्यात कोणी नाचत नाही आणि म्हातारी माणसं खिडकीबाहेर बघत बसतात तो सिनेमा थोर, अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती.

साहजिकच प्रेक्षक रोडावत गेले. शेवटी प्रिन्सिपॉल सरांनी बोलावून घेतलं. सर आमच्याशी फक्त इंग्रजीत रागवायचे. पुढच्या शुक्रवारी चाळीस डोकी दिसली नाहीत तर क्लब बंद आणि हॉल प्लेसमेंटच्या क्लासला, आणि डोकी मोजायला आपण स्वतः येणार, असा दम त्यांनी भरला. चाळीस डोकी आणायचीच, असं मी तिथंच ठरवून टाकलं. त्या क्लबखेरीज कॉलेजात मला कुत्रं विचारत नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

मग आम्ही समोसे जाहीर केले. तेही मध्यंतरात, कारण आधी दिले तर लोक खाऊन पळतात. हॉल गच्च भरला. सिनेमा सुरू झाला आणि खाली अक्षरं येईनात.

"अगं, सबटायटलची फाइल वेगळी असते," मैत्रीण कुजबुजली. "ती घरीच राहिली."

सिनेमा कुठल्याशा बर्फाळ देशातला. भाषा कुठली, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत मागून आरोळी आली, "समोसे आणा!" दोघंतिघं दाराकडे सरकलेही.

मी जासईच्या मित्राच्या हातात माइक कोंबला. "काहीही बोल, पण लोकांना बसव." वर्गात तो तोंड उघडत नसे. त्याच्या आगरी 'हाय-नाय'ला पोरं हसायची आणि हसणाऱ्यांत मीही असायचे. त्याची मला आजही लाज वाटते.

पडद्यावर एक म्हातारी बकरीशी बोलत होती. तो खाकरला. "काय गो, आज दूध देतंस का नाय? आमी काय कोरीच चा पियाची?" बकरीनं मान फिरवली, तर तिचंही उत्तर त्यानंच दिलं, "आधी पाला घाल, मंग बोल."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. मग हा थांबतोय कसला! दाढीवाला शेजारी गुडघाभर बर्फातून चालत आला आणि मासळीवालीला विचारावं तसं म्हातारीला विचारू लागला, "म्हावरा हाय का ताजा?" मध्यंतर द्यायलाही कोणी तयार होईना. शेवटी समोसे अंधारातच फिरवले.

मग सुटातला एक माणूस कागद घेऊन आला. "मावशे, जागा दे. इथं कंटेनरचा यार्ड बनवाचा हाय. सही कर."

हसणं हळूहळू थांबलं. अर्ध्या पोरांच्या घरी असा कागद येऊन गेला होता. म्हातारीनं पेन हातात घेतलं. "नको करू!" कोणीतरी ओरडलं, मग सगळेच ओरडू लागले. पेन कागदावर टेकलं आणि पडदा काळा झाला. सिनेमा संपला. असला सिनेमा निवडल्याबद्दल मला स्वतःचाच संताप आला.

दिवे लागले. दारात प्रिन्सिपॉल सर उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मित्र माइक पाठीमागे लपवू लागला.

"मंग?" सर म्हणाले. "केली काय तिनं सही?"

ही बोली आम्ही सरांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. मित्रानं माझ्याकडे पाहिलं.

"नाय केली, सर," तो म्हणाला. "पेनची शाई संपली."

"बरा झाला," सर म्हणाले, आणि डोकी न मोजताच निघून गेले.