आरोपीच्या आधी आलेला जामीनदार

निवृत्तीच्या दिवशी मी सगळं सरकारी सामान जमा केलं आणि सही केली. एक प्रकरण मात्र माझ्याबरोबर घरी आलं, ते अजून गेलेलं नाही. नावं कुणाची सांगणार नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील आणि गप्प बसतील, हेही मला माहीत आहे.

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवे फौजदारी कायदे यायच्या आधीची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमाराला ठाणे अंमलदाराने फोन घेतला. वैरागच्या अलीकडे एका फाट्यावर पांढऱ्या जीपने सायकलवाल्याला उडवलं होतं आणि जीप निघून गेली होती. सायकलवाला यंत्रमागावरचा कामगार, सुटी करून गावाकडे चाललेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. दवाखान्याच्या दारात तो गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा ऐकलं, पण त्याची सवय झाली नाही.

साक्षीदार एकच. फाट्यावर चहाची टपरी चालवणारी बाई. तिनेच आम्हाला फोन केला होता.

"गाडी मदी हुबी हुती, सायेब," ती म्हणाली. "पल्याड पडल्यालं माणूस मला दिसंना. गाडीखालनं पाय तेवढं दिसलं. पांढरं बूट, जाड तळव्याचं. उतरला, वाकून बघितलं, जरा थांबला आन् गेला की निघून."

"तोंड दिसलं?"

"तोंड कुटनं दिसायचं? पायच दिसलं म्हंते न्हवं."

जबाबात हे सगळं घेतलं, पण बुटांची गोष्ट बाहेर जाऊ नये अशी तंबी मी दिली. ठाण्यातली बातमी चहावाल्याच्या किटलीबरोबर बाहेर पडते, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती. बाहेरच्या बाकावर एक इस्त्रीच्या कपड्यातला गृहस्थ येऊन बसला. हातात सातबारा आणि आधारकार्ड.

"काय काम?"

"जामीनदार आहे साहेब."

"कुणाचा?"

"येतोय तो."

माझं डोकं तिथेच सटकलं. आरोपीचा पत्ता नाही आणि जामीनदार बाकावर. थोड्या वेळाने वकिलासोबत पन्नाशीचा एक ड्रायव्हर आला. आंघोळ केलेली, कपाळाला गंध, धुतलेला सदरा, हातात डबा. हात जोडून म्हणाला, "सायेब, कालचा अपघात माज्याकडनं झाला."

माणूस मारून पळालेला माणूस रात्रभर झोपत नाही. त्याचे डोळे तांबारलेले असतात, कुणीतरी त्याला दंडाला धरून आणावं लागतं. हा तर लग्नाला निघाल्यासारखा आला होता.

गाडी एका बड्या माणसाची होती. धान्याचा व्यापार, वर शिक्षण संस्थेचं अध्यक्षपद, गावात शब्दाला वजन. हा ड्रायव्हर त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला. गाडी मालकाच्या गोदामातून आम्ही टो करून आणली. बाहेरून ती चकाचक धुतलेली होती, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा रबरी मॅट धुवायचा राहून गेला होता. त्यावर रस्त्याकडेच्या काळ्या मातीत उमटलेला जाड तळव्याचा ठसा होता. पंचांसमक्ष फोटो काढून मॅट जप्त केला.

ड्रायव्हरला मी समोर बसवलं. एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगाने विचारली. प्रत्येक वेळी तीच वाक्यं, त्याच क्रमाने. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मधेच मागे जातो, आधी सांगितलेलं दुरुस्त करतो. हा पाठ म्हणत होता.

"एकटाच होतास?"

"एकलाच हुतो."

"खाली उतरलास?"

"न्हाई. भ्यालो आन् गाडी दामटली."

टपरीवाली म्हणते उतरला, हा म्हणतो नाही. वकील खुर्चीत निवांत बसून होता. कलम जामीनपात्र आणि शिक्षा फार तर दोन वर्षं. संध्याकाळी आपला अशील घरी जेवायला असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुपारी मोटार वाहन निरीक्षक गाडीचे ब्रेक तपासायला येणार होते. मी ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी जरा लिंबाखाली सावलीत लाव." माझ्या मनात खरंच काही नव्हतं, उन्हाचा कडाका होता एवढंच. तो गाडीजवळ गेला. दार उघडलं, चपला काढल्या आणि देवळाच्या पायरीशी ठेवतात तशा बाजूला ठेवल्या. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग अनवाणी आत बसला.

आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांची ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो. इतकी पाहिलेली की तिच्याकडे लक्ष जात नाही. त्या दिवशी गेलं.

गाडी लावून तो खाली उतरल्यावर मी सहज विचारलं, "नेहमीच असा अनवाणी चालवतोस?"

"लक्ष्मी हाय की ती, सायेब," तो जरा अभिमानानेच म्हणाला. "तिच्यावर पोट हाय. चपला घालून कसं बसायचं? उभ्या जल्मात बसलो न्हाई."

"मग काल बूट घालून कोण बसलं होतं?"

तो चपला पायात सरकवत होता. एक पाय तसाच राहिला. मग तो लिंबाच्या पारावर बसला आणि डोकं खाली घालून रडू लागला. मी त्याला पाणी दिलं आणि वकिलापासून दूर माझ्या खोलीत नेलं.

"मालक चालवत हुते," तो म्हणाला. "दोस्ताच्या मळ्यात पार्टी झाली हुती. मी म्हनलं मी चालवतो, तर ऐकंनात. धडक बसल्यावर उतरून बघून आले. मी काचंतनं बघत हुतो. त्यो हात हालवत हुता, सायेब. मी म्हनलं, मालक, जित्ता हाय, उचलू. तर म्हनले, माज्या तोंडाचा वास येतोय. दवाखान्यात नेलं की पयलं माजंच रगत काढत्याल."

"आणि तू ऐकलंस?"

"पोरगी त्यांच्याच साळंत मास्तरीन हाय," तो म्हणाला. "मालक म्हनले, दोन वर्सांच्या आतलं कलम हाय, सांजच्याला घरी येशील. दहा वर्सांचं आसतं तर न्हाईच म्हनलो आसतो, सायेब. पर एका सांजंचा तर सवाल हुता."

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली, आजही दोन्ही येतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं. तिथे तो न अडखळता बोलला असं म्हणणार नाही. खूप अडखळला, आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मालकांच्या घरी बूट सापडले. धुऊन गच्चीवर वाळत टाकलेले. तळवा ठशाशी जुळला. मालकांना अटक केली, रक्ताचा नमुना घेतला. मधे रात्र गेलेली, तो स्वच्छ आला, येणारच होता. मळ्यातल्या पार्टीला आलेल्या एकेकाचे जबाब घेतले. त्या दिवशी तिथे म्हणे सगळे ताकच प्यायले होते. दारू पिऊन माणूस मारल्याचं, दहा वर्षांपर्यंतचं जड कलम लावायचा माझा प्रस्ताव पुराव्याअभावी मागे आला. उरलं तेच हलकं, जामीनपात्र कलम. सकाळी बाकावर बसलेला तोच गृहस्थ, तोच सातबारा घेऊन पुन्हा आला. या वेळी मालकांसाठी. कायद्याने बांधलेला होतो, म्हणून जामिनाच्या कागदावर मीच सही केली. मालक पांढऱ्या सॅंडलमध्ये चालत गाडीकडे गेले.

ड्रायव्हरची नोकरी त्याच आठवड्यात गेली आणि मुलीचीही. तरी खटल्यात तो आपल्या जबाबावर ठाम राहिला. मालकांना शिक्षा झाली, काही महिन्यांची. अपिलात ते बाहेर आहेत.

वाहनाने माणूस मारणाऱ्याला शिक्षा पुरेशी आहे का, असं मला लोक विचारतात. नाही, असंच माझं उत्तर आहे. आता कायद्यातली वर्षं वाढली आहेत, ते बरं झालं. पण जी शिक्षा आपल्या जागी दुसऱ्याला भोगायला पाठवता येते, तिचा धाक कुणाला? वर्षं मोजणाऱ्यांनी एकदा अपघाताच्या जागी उभं राहून पाहावं. तिथे गुन्हेगाराच्या डोक्यात कलमं नसतात, पळालो तर काय आणि थांबलो तर काय एवढाच हिशेब असतो. दारू उतरेपर्यंत गायब होणाऱ्याला आपण सवलत देतो आणि त्याला कायदा म्हणतो.

निकालानंतर मयताची बायको मला भेटायला आली. निकाल मी तिला सोप्या शब्दांत समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत.

मग म्हणाली, "सायेब, एक इचारू? त्यो मालक तितंच थांबला आसता आन् ह्यास्नी उचलून दवाखान्यात नेलं आसतं, तर त्याला शिक्षा कमी झाली आसती का जास्ती?"

मी खोटं बोलू शकलो असतो.

"जास्त," मी म्हणालो.