ताईचं जपानी सोंग

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात मेथी निवडत होते. "कुंदा गेली गं..." भावोजी एवढंच म्हणाले. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, दुःखातही आवाज चढू न देणारा. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला.

माझी ही थोरली बहीण पेठच्या शाळेत चित्रकला शिकवायची. एकदा भद्रकालीतल्या रद्दीवाल्याकडे तिला एक जुनं जपानी चित्र मिळालं. लाकडी ठशाच्या जाड काळ्या रेषा, त्यांत हाताने भरलेला केशरी रंग, आणि मान वाकडी करून उभी असलेली नाटकातली बाई. ती बाई म्हणजे मुळात पुरुष नट, हे ताई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. भावोजींना मात्र चित्र सोसत नसे. "ही बया माझ्या ताटात बघते," म्हणत त्यांनी जेवायची खुर्चीच फिरवून घेतली होती.

पेठजवळच्या एका पाड्यावर दरवर्षी बोहाडा होतो. देव-राक्षसांचे मुखवटे चढवून पुरुष रात्रभर संबळावर नाचतात, बायकांची सोंगंही तेच घेतात. मुखवटे करणाऱ्या सोमाबाबांना ताईने चित्र दाखवलं.

"बाई का बाप्या?"

"बाप्याच. बाईचं काम करणारा."

"मंग आमच्यातलाच हाय की!" म्हणत त्यांनी मुखवटा करायला घेतला. पण नवं सोंग पहिल्यांदा ते आणणाऱ्या घरानेच नाचवायचं, नाहीतर नदीत सोडायचं, अशी तिथली रीत. ताईला मूलबाळ नाही. तिने भावोजींना गळ घातली. "मी? या वयात?" म्हणून त्यांनी पेपर उघडला. पुढे मुखवटा पुरा झाला, आणि ताई गेली...

या वर्षीच्या बोहाड्याला भावोजी आणि मी गेलो, ते मुखवट्याचा निरोप घ्यायला, असं आपलं मला वाटलं. उजाडायला आलं होतं. सोमाबाबांनी विचारलं, "घरचं कोन नाचनार? नायतर नदीवर न्यावं लागंल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच भावोजींनी पिशवीतून ताईची केशरी इरकल काढली.

"मला नेसता येत नाही," ते म्हणाले. "कोणीतरी नेसवा."

मुखवटा चढवून ते नाचायला उतरले, पण पाऊल एकही धड पडत नव्हतं. पाडा पोट धरून हसत होता, मी हसतही होते आणि रडतही. ताईची फार आठवण आली, आणि बऱ्याच दिवसांनी बरंही वाटलं. "साहेब, फुडल्या साली बी यावं लागंल!" सोमाबाबा ओरडले. "येणार!" मुखवट्याआडून उत्तर आलं, चांगलं खणखणीत.

तेवढ्यात पदर सुटला. भावोजींनी तो थेट ताईसारखा, एका झटक्यात कमरेला खोचला आणि पुन्हा पाऊल उचललं.