कोपऱ्यातली जोडी आणि पडद्यामागची जोडी

लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी मला वाणात स्पीकरची जोडी दिली. तेहेतीस अनारसे, चांदीची वाटी, कपडे हे रीतीप्रमाणे होतंच. पण जोडी त्यांनी सात-आठ महिने खपून स्वतःच्या हातांनी केली होती. ती मी बावीस वर्षं वाया घालवली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या हातातलं कसबही. यंदा ती चूक सर्वांसमोर कबूल करता आली, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. नाहीतर मी लिहिलं नसतं, हेही खरं.

माझा शेवगावात मंडप आणि साऊंडचा धंदा. सासरे भिंगारचे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सुतार. तिथल्या एका साहेबाच्या बंगल्यात परदेशी स्पीकरची जोडी होती, खोलीच्या दोन कोपऱ्यांत उभी. तिची एक फळी फुगली म्हणून ते दुरुस्तीला गेले, आणि येताना आतली सगळी मापं डोक्यात घेऊन आले. पुढे छावणीतलं जुनं सिनेमाघर बंद होऊन भंगार निघालं, तेव्हा पडद्यामागचे नुसते स्पीकर त्यांनी विकत घेतले आणि निवृत्त झाल्यावर त्या स्पीकरसाठी बंगल्यातल्यासारखी सागवानी खोकी केली.

हे स्पीकर कर्ण्याचे. साध्या खोक्यात स्पीकर थेट तोंडावर बसवलेला असतो. यात तो आत खोल असतो, आणि आवाज लाकडी वळणांतून हळूहळू रुंद होत बाहेर येतो. सनईच्या टोकाला पितळी तोंड रुंदावत जातं, तसंच. अशा खोक्यांच्या दोन जाती. एक टॉकीजची: राखाडी रंगाची, लोखंडी कड्यांची, चार माणसांनी उचलायची. तिचा कर्णा आतल्या आत पुरा झालेला असतो, म्हणून ती कुठंही उभी करा, वाजते. दुसरी घरगुती. ती घरात मावावी म्हणून तिचा कर्णा अर्ध्यावर सोडलेला असतो. ती कोपऱ्यात सरकवली की दोन्हीकडच्या भिंतीच कर्ण्याचा उरलेला भाग होतात. म्हणून तिची पाठ उघडी असते.

आता मी हे ऐटीत सांगतोय. तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

त्या धोंड्याच्या जेवणाला सासऱ्यांनी आपल्या पुढच्या खोलीतली कपाटं हलवून दोन कोपरे मोकळे केले होते. नगरचे एक डॉक्टर मुद्दाम बोलावले होते. त्यांना अशीच जोडी करून हवी होती, आणि त्यांच्या ओळखीत आणखी दोघांना. माझ्या सासऱ्यांची निवृत्तीनंतरची सगळी उमेद त्या एका जेवणावर होती. मी मात्र त्याच महिन्यात एका बंद पडलेल्या टॉकीजची जोडी घेतली होती आणि ती मिरवायला टेम्पोत घालून नेली होती. अंगणात पाहुण्यांसाठी मंडप होता. मी म्हणालो, दोन्ही जोड्या इथंच लावू, सगळ्यांना ऐकू येईल.

सासरे जवळ येऊन हळूच म्हणाले, “पाव्हणं, माझी आत ऐका की. तिला भिंती लागत्यात.”

“मामा, हा माझा धंदा आहे,” मी म्हणालो.

ते दोन पावलं मागं सरले. मग मी त्यांची खोकी फिरवून पाहिली आणि पाठ उघडी दिसली. मला वाटलं, लाकूड वाचवलं. टेम्पोत माझ्याकडे प्लाय होतंच. मी दोन फळ्या कापल्या आणि त्या उघड्या पाठी बंद करून टाकल्या. स्क्रू कमी पडले, म्हणून मी हात पुढं केला, आणि सासऱ्यांनी आपल्या डब्यातून एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. आपण रचलेल्या आवाजाचं तोंड आपलाच जावई बंद करतोय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण धोंड्याच्या दिवशी, चार पाहुण्यांत, जावयाला चूक म्हणायचं नसतं.

टॉकीजची जोडी गल्लीच्या टोकापर्यंत वाजली. सासऱ्यांची वाजली ती डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी. बेस नावाला नाही. डॉक्टर सभ्य माणूस, म्हणाले, “बघू सावकाश,” आणि जेवून निघून गेले. परत कधी आले नाहीत. मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी म्हणालो, “मामा, कोंबड्या कोंडायला खोकी झकास आहेत.”

सगळे हसले. सासरेही हसले. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं.

वाण परत करायचं नसतं, म्हणून जोडी माझ्या टेम्पोतून शेवगावला आली आणि गोडाऊनमध्ये पडली. तिच्यावर वायरींची भेंडोळी आणि दिव्यांच्या माळा चढल्या. सासऱ्यांनी त्यानंतर पाट केले, देव्हारे केले, शाळेची बाकं केली. स्पीकरचं खोकं एकही केलं नाही.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. आठेक वर्षांपूर्वी मोबाईलवर जुन्या परदेशी स्पीकरचं माहितीपत्रक माझ्या बघण्यात आलं. एकाच कंपनीच्या दोन जोड्या शेजारी शेजारी छापल्या होत्या, एक थेटरसाठी आणि एक घरासाठी. घरच्या जोडीचं चित्र मागूनही काढलेलं होतं. पाठ उघडी, आणि दोन्ही बाजूंना भिंती. मी एका मिनिटात सगळं समजलो. आणि मोबाईल खिशात टाकला. तेव्हा सासरे सत्तरीच्या आसपास होते, हातात जोर होता, नजर होती. त्याच दिवशी भिंगारला गेलो असतो तर त्यांना कितीतरी वर्षं मिळाली असती. पण मी चुकलो होतो, हे बोलून दाखवायला जीभ वळेना. न कळता केलेली चूक एक वेळ माफ होईल. कळल्यावरची ही आठ वर्षं मला जास्त टोचतात.

गेल्या थंडीत टॉकीजच्या जोडीतला एक स्पीकर जळला. तसाच स्पीकर सासऱ्यांच्या खोक्यात आहे, हे मला ठाऊक होतं. तो काढून इकडं बसवावा, म्हणून मी एक खोकं घरात आणलं आणि मागच्या फळीचे स्क्रू सोडवायला बसलो.

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, “अहो, तो काढायच्या आधी एकदा वाजवून तरी बघा. आण्णांनी केलंय ते.”

फळी निघालेली होती. प्लगही नेमका कोपऱ्याजवळ होता. मी खोकं कोपऱ्यात सरकवलं, अॅम्प्लिफायरचं मशीन जोडलं आणि एक जुनं भजन लावलं.

पखवाजाची डावी थाप पडली आणि माझ्या मांडीखालच्या फरशीत उतरली. आवाज मोठा नव्हता. पण भजन म्हणणारा आमच्या खोलीत बसलेला होता, टाळ त्याच्या जरा मागं होते, आणि पखवाज भिंतीतून येत होता. बायको पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. भजन संपलं. मग म्हणाली, “हे असं वाजत होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणालो, आणि मग तिला सगळं सांगितलं. माहितीपत्रकाचंही. ती रागावली नाही, त्यानं मला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? आण्णांना सांगा. आणि ज्यांच्यापुढं हसलात, त्यांच्यापुढं सांगा. आण्णांचा एक कान गेलाय. दुसरा आहे तोवर सांगा.”

यंदा धोंड्याचा महिना आला तेव्हा मी मेव्हण्याला फोन करून सांगितलं की जेवणाला तेच सगळे नातेवाईक बोलव, आणि पुढच्या खोलीतली कपाटं हलव.

“दाजी, या वयात वाणात कपाट पाहिजे का काय?” तो म्हणाला.

जळलेला स्पीकर मी पुण्याहून दुरुस्त करून आणला होता. दोन्ही जातींचं एकेक खोकं घेऊन मी भिंगारला गेलो. सासऱ्यांचं कोपऱ्यात ठेवलं, टॉकीजचं त्याच्या शेजारी. दोन्हींचा आवाज सारखा जुळवला आणि मेव्हण्याला पुढं चादर बांधायला लावली. कुठलं खोकं वाजतंय ते कुणाला दिसू नये. सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोकं वळवून चांगला कान चादरीकडं केला. हे काय चाललंय, ते त्यांनी विचारलं नाही.

मेव्हणा बटणाशी बसला. “पहिला नंबर,” म्हणाला. टॉकीजचं खोकं वाजलं. भजन खणखणीत, शब्दन्‌शब्द कळत होता. पण हजार माणसांच्या सभेत बोलायची सवय झालेला पुढारी ओसरीत येऊन बोलावा, तसं.

“दुसरा नंबर.”

चुलत सासूबाई पान जुळवत होत्या, त्यांचा हात थांबला. कुणीतरी पंखा बंद करायला सांगितलं. बायकोचा एक मावसभाऊ चादरीकडं बोट दाखवत म्हणाला, “ह्यो पखवाजवाला खरा बसवलाय का रं आत?”

भजन संपल्यावर मेव्हण्यानं हात वर करायला सांगितले. सगळे हात दुसऱ्या नंबरला. त्यानं झटक्यात चादर ओढली आणि ओरडला, “दाजी, तुमची टॉकीज पडली की! आण्णांचं खोकं हाय ह्ये!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सासरे घाईघाईनं हात हलवत म्हणाले, “न्हाई न्हाई. खोली बारकी हाय म्हनून तसं वाटतंय. पाव्हण्यांचं खोकं मैदानाचं हाय. त्येंचंबी बरोबरच हुतं.”

बावीस वर्षांनी जिंकलेला माणूस जावयाचा मान सांभाळायला आपली जीत परत करत होता. मी उभा राहिलो.

“बरोबर नव्हतं,” मी म्हणालो. “मामांनी मला त्या दिवशी सांगितलं होतं, आत ऐका, भिंती लागतात. मी ऐकलं नाही. खोक्याची पाठ मी बंद केली, आणि नाव त्यांचं खराब केलं. डॉक्टर माझ्यामुळं परत गेले. आणि मला हे कळून आठ वर्षं झालीत. मी गप्प बसलो.”

डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांच्यापुढं सांगायचं राहून गेलं ते गेलंच. मी सासऱ्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. खुर्चीचा हात धरून ते उठले, कोपऱ्यात गेले आणि खोक्याच्या मागं हात घातला.

“डाव्या अंगाला दोन बोटं फट हाय,” ते म्हणाले. “कुनी ठिवलं हे?”

“मी, मामा.”

“असं ठिवत्यात व्हय? सगळा बेस फटीतनं पळतोय. उठा. धरा खालनं.”

आमच्या लग्नापासून त्या माणसानं मला कधी काम सांगितलं नव्हतं. मी खोकं खालून उचललं. त्यांनी वर्तमानपत्राच्या घड्या करून एका पायाखाली सारल्या, भिंतीशी बोट फिरवलं, पुन्हा एक घडी काढली. “आता लावा,” मेव्हण्याला म्हणाले.

आम्हाला वाटलं होतं की याहून चांगलं होणार नाही. झालं. पखवाजाच्या थापेबरोबर फडताळातले पेले किणकिणले, आणि चुलत सासूबाई म्हणाल्या, “अगं बया!” सासऱ्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडून, दात नसलेल्या हिरड्या दिसेपर्यंत, हसून घेतलं.

मग खाली बसत म्हणाले, “पाव्हणं, तुमी लई मोठी चूक केली.” सगळ्यांदेखत म्हणाले. “पर माझंबी चुकलं. हाताला धरून आत न्यायला पायजे हुतं तुमाला. जावई म्हनून सोडलं.”

मला त्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग हवा होता. तो मिळाला, आणि धोंड्यांचं ते जेवण मी कधी नव्हे इतकं जेवलो.

मावसभाऊ जेवता जेवताच म्हणाला, “आण्णा, आमच्या पोराला नव्या घरात अशी जोडी करून द्याल का?” मेव्हण्यानं लगेच सांगितलं, आण्णांचं वय एक्याऐंशी आहे, आता रंधा कुठं मारतात. सासरे म्हणाले, “रंदा ह्ये पाव्हणं मारत्याल. मापं माज्या डोक्यात हायेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही नगरमध्ये लाकडाच्या दुकानात होतो. ते पुढं, मी टेप घेऊन मागं. दुकानदारानं माझ्याकडं बघून विचारलं, “काय दाखवू साहेब? साधं चालेल की चांगलं?”

मी काही बोलायच्या आत सासऱ्यांनी समोरच्या फळीवर बोटांनी टकटक केली, चांगला कान जवळ नेला, मान हलवली आणि ती फळी बाजूला सारली.

“त्येंना काय इचारता?” ते दुकानदाराला म्हणाले. “मला इचारा. दुसरी काढा.”

दुकानदारानं दुसरी काढली. तीही त्यांनी नाकारली. पाचवी पसंत पडेपर्यंत अकरा वाजले. मी टेपचं टोक धरून उभा होतो.